दिंद्रुडचा नाकाड्या साहेब

मी दिंद्रुडचा रेडिओ बोलतोय. बोलणं हाच माझा धंदा होता. सोळा वर्षं बोललो, पण त्यातला एक शब्द माझा नव्हता. बातम्या दिल्लीच्या, बाजारभाव हैदराबादचे, गाणी मुंबईची. आज स्वतःचं बोलतो. एकदाच बोलणार आहे, नीट ऐका.

माझं अंग सागवानी आहे. पुढं जाड विणीचं कापड, त्याच्यामागं भोंगा. खाली काचेची पट्टी, तिच्यावर इंग्रजीत गावांची नावं आणि एक लाल काटा. दोन बाजूंना दोन गुंड्या, एक आवाजाची, एक गाव बदलायची. पोटात काचेचे चार दिवे. ते तापल्याशिवाय मी तोंड उघडत नसे. आजकालची यंत्रं बोट लावलं की बडबडायला लागतात. आमच्या वेळी बोलण्याआधी थांबायची पद्धत होती.

विलायतेतल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. बोटीनं मुंबई, आगगाडीनं हैदराबाद, तिथून मोटारीच्या टपावर कडब्याच्या पेंढ्यांशेजारी बसून दिंद्रुड. जन्म विलायतेतला म्हणून मला इंग्रजी येत असेल असं समजू नका. दारातून जन्मभर माणसं जातात, म्हणून दाराला त्यांची नाती कळत नाहीत. माझं तसंच आहे.

मला आणलं वैजिनाथअप्पांनी. साल चोपन्न. पेठेत त्यांचं किराणा दुकान, मागं घर, पुढं ओटा. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, तोंडात शब्द कमी. गिऱ्हाइकानं भाव विचारला की सांगायचा, गप्प बसायचं. अप्पांना हसताना गावात कोणी पाहिलं नव्हतं. बाजारभाव कळावेत म्हणून त्यांनी मला घेतलं, करमणुकीसाठी नव्हे. हे ते ज्याला-त्याला सांगत.

गावात वीज नव्हती. मी बॅटरीवर चालायचो. विटेएवढ्या जड दोन बॅटऱ्या परळीहून यायच्या. घरावर दोन कळक उभे करून त्यांच्यामध्ये तांब्याची तार ताणली होती. शिवकांताबाईंनी, म्हणजे अप्पांच्या बायकोनं, पहिल्याच आठवड्यात त्या तारेवर लुगडं वाळत घातलं. दिल्ली बंद पडली. अप्पा वर चढले. लुगडं काढलं, घडी केली, घरात नेऊन ठेवलं.

माझ्याबरोबर एक इंग्रजी पुस्तिका आली होती. बॅटरीची कोणती तार कुठं लावायची याची चित्रं तिच्यात होती. अप्पा ओट्यावर बसून ती चित्रं बघत होते. माजलगावच्या उर्दू शाळेत ते चौथीपर्यंत शिकलेले. इंग्रजी अक्षरं खोक्यांवरची ओळखायचे, तेवढंच. त्याच वेळी सुंदरराव पाटील रस्त्यानं चालले होते. ओढ्याकाठची काळी जमीन निम्मी त्यांची, आणि नव्या निवडणुकांपासून पुढारीपणही त्यांचंच. ते थांबले.

"अप्पा, इंग्रजी वाचता येतंय का काय?"

अप्पांनी मान वर केली. समोर पाटील, मागं चार माणसं.

"येतं की," अप्पा म्हणाले.

दोन शब्द. माणसं दोन शब्द बोलतात आणि जन्मभर त्यांची राखण करत बसतात. मी हे फार जवळून पाहिलं आहे.

एका शनिवारी दिवे लागायच्या वेळेला अप्पा दिल्ली शोधत होते. गुंडी जरा जास्त फिरली. काटा पट्टीच्या पार टोकाला गेला आणि माझ्या तोंडून एक वेगळाच आवाज आला. नाकातून बोलणारा माणूस. सर्दी झालेलं बदक बोलावं तसा. भाषा इंग्रजी. तो काहीतरी म्हणाला, थांबला, आणि शेकडो माणसं एकदम हसली. ते लंडनचं स्टेशन होतं. तिथले विनोदी नट जमलेल्या लोकांसमोर उभं राहून खेळ करायचे आणि ते लोकांच्या हसण्यासकट जगभर ऐकू यायचं.

नाकातला माणूस पुन्हा बोलला, पुन्हा थांबला, पुन्हा लोक हसले. अप्पांचे ओठ हलले. मग खांदे हलले. मग ते हसले. शिवकांताबाई पिठाच्या हातानं बाहेर आल्या. लग्नाला बारा वर्षं झाली होती, हा आवाज त्यांनी घरात ऐकलेला नव्हता.

पुढच्या शनिवारी सात-आठ माणसं ओट्यावर येऊन बसली. लंडन हसलं की तीही हसायची. हसू लागतं, जांभईसारखं. पण समोरचा शिंपी बंकट हा चौकस माणूस. तो म्हणाला, "अप्पा, आमी मघापासून हसायलोत. कावून हसायलोत ते तरी सांगा. तुमाला तर इंग्रजी येतं."

सगळे अप्पांकडं बघायला लागले. अप्पांनी एक बोट वर केलं. थांबा, म्हणून. ते बोट लोकांसाठी नव्हतं. त्यांना स्वतःलाच वेळ पाहिजे होता.

"साहेब म्हणतो," अप्पा सावकाश म्हणाले, "बायकोनं इचारलं, इतका येळ कुठं होतात? मी म्हणलो, शेजाऱ्याची म्हैस हुडकायला गेलतो. बायको म्हणली, म्हैस तर दुपारीच घरी आली. तुमीच तेवढे राहिलते."

ही गोष्ट परवाच बंकटच्या घरी घडली होती. ओटा हसून हसून आडवा झाला. सगळ्यात जास्त बंकट हसला. विलायतेतल्या साहेबाचीही आपल्यासारखीच फजिती होते, याचा त्याला मोठा आधार वाटला.

त्या दिवसापासून रीत पडली. लंडनला आधी विनोद व्हायचा, मग हसू यायचं. दिंद्रुडला आधी हसू यायचं, मग विनोद व्हायचा.

त्या खेळात तीन आवाज होते. नाकातून बोलणारा तो नाकाड्या साहेब. भरड्या आवाजाचा एक होता, त्याला नाव पडलं ढोल्या. आणि एक बाई होती, वंगण न घातलेल्या चाकासारखी, ती करकरी मडम. अप्पांनी तिघांना संसार लावून दिला. नाकाड्या हा लंडनचा पुढारी, मडम त्याची बायको, ढोल्या त्याच्या मागं फिरणारा. तिघांपैकी एकाचंही तोंड कोणी पाहिलं नव्हतं, पण गावातल्या माणसांना सख्ख्या मेहुण्यापेक्षा त्यांची माहिती जास्त होती.

नाकाड्याची एक खुबी सांगतो. तो बोलता बोलता थांबायचा. ऐन वाक्यात. पाऊल उचललेला माणूस तसाच उभा राहावा, तसा. त्या थांबण्यात लोक फुटायचे. अप्पांनी भाषा सोडून नेमकं तेवढंच उचललं. बोट वर करायचे, ओट्याकडं एकवार बघायचे आणि ऐन वाक्यात थांबायचे. गुरू लंडनला, चेला दिंद्रुडला, आणि दोघांची कधी भेट नाही.

हा मसाला येत कुठून होता ते शिवकांताबाईंना माहीत होतं. ओढ्यावर धुणं धुताना बायका जे बोलत ते त्या जेवताना अप्पांना सांगत, आणि शनिवारी तेच साहेबाच्या तोंडून ऐकत. त्यांनी कधी अवाक्षर काढलं नाही. फक्त शुक्रवारी भाकरीबरोबर दोन बातम्या जास्त वाढायच्या.

असं तीन वर्षं चाललं. मग सत्तावनची निवडणूक आली.

गाव आणि शेतं यांच्यामध्ये ओढा आहे. पाऊस झाला की पलीकडची माणसं पलीकडं, अलीकडची अलीकडं. सुंदररावांनी मागच्या निवडणुकीत ओढ्यावर पूल बांधायचं कबूल केलं होतं. या निवडणुकीतही केलं. त्याच महिन्यात लंडनच्या नाकाड्यानंही तिथल्या नदीवर पूल बांधायचं कबूल केलं. एका शनिवारी दगड आले पण वाळू आली नाही. दुसऱ्या शनिवारी वाळू आली पण गवंड्याच्या सासूला बरं नव्हतं. तिसऱ्या शनिवारी नाकाड्या मडमला म्हणाला, पूल कशाला पाहिजे, नदीच दुसरीकडं नेऊ.

तिन्ही शनिवार सुंदरराव ओट्यावर होते आणि मोठ्यानं हसले. तिसऱ्या शनिवारी उठताना बंकट त्यांना म्हणाला, "पाटील, तुमी लई मोठ्या मनाचे बघा." पाटील घरी गेले. मोठ्या मनाचे कशावरून, याचा विचार केला. तेव्हा त्यांना कळलं.

चौथ्या शनिवारी ते आले ते अमरसिंहला घेऊन. अमरसिंह त्यांचा मुलगा, वीस वर्षांचा, औरंगाबादच्या कॉलेजात शिकणारा, इस्त्रीच्या पँटमधला. सुंदरराव बसले नाहीत.

"अप्पा, आज साहेब काय म्हणतो ते आमचं पोरगं सांगंल. तुमी गप बसायचं. पोराचं आन् तुमचं एक निघालं तर ठीक. न्हाई निघालं, तर ह्या गावानं इचार करावा. दुकानदाराचा शब्द खोटा, तर तराजू खरा कसा?"

अप्पांचं सगळं आयुष्य त्या तराजूवर उभं होतं. त्यांच्या दुकानात म्हातारी माणसं माप न बघता पिशवी पुढं करत. तेच आता पणाला लागलं होतं, आणि तेही एका नाकातल्या आवाजापायी.

"बसा. चहा घ्या," अप्पा म्हणाले. त्यांनी माझी गुंडी फिरवली. बोटं ओली होती. ते फक्त मला कळलं.

नाकाड्या सुरू झाला. अमरसिंह माझ्या कापडाला कान लावून बसला. इतक्या जवळून मी माणसाचं तोंड क्वचित पाहिलं आहे. लंडन हसलं. पोराचं तोंड कोरं. लंडन पुन्हा हसलं. पोराच्या कपाळावर घाम. ते लोक बोलायचे भरभर, निम्मे शब्द गिळायचे, आणि याचं इंग्रजी पुस्तकातलं, कडक कॉलरचं. त्याला ओ की ठो कळत नव्हतं. कॉलेजात तीन वर्षं बापाचे पैसे घातलेले, समोर सगळं गाव, मागं बाप.

"बोल की बे," सुंदरराव म्हणाले.

अमरसिंहनं कापडावरून कान काढला. "अप्पांना आधी सांगू द्या. चुकलं तर मी सांगतो."

अप्पांनी पोराकडं बघितलं. चोरानं चोराची वाट ओळखावी तसं दोघांना एकाच क्षणी कळलं. अप्पांना सूड घेता आला असता. पोराला काही कळत नाही, एवढं म्हणणं पुरे होतं. ते म्हणाले नाहीत. त्यांनी बोट वर केलं.

"साहेब म्हणतो," ते थांबले. ओटा थांबला. "पूल झाला. उद्या हार घालायला या."

सगळ्या माना अमरसिंहकडं वळल्या.

"बराबर हाय," अमरसिंह म्हणाला. "अगदी तसंच म्हणला."

सुंदररावांचा चेहरा सैल पडला. त्यांनी चहाचा कप उचलला. तेवढ्यात दाराआडून शिवकांताबाईंचा आवाज आला. "लंडनचा झाला. आपल्या ओढ्याचा कवा?"

त्या दिवशी ओटा हसला तो लंडनच्या मदतीशिवाय. पुढच्या उन्हाळ्यात ओढ्यावर फरशीचा पूल झाला. त्याच्यावर सुंदररावांच्या नावाचा दगड आहे. माझ्या नावाचा नाही. माझी तक्रार नाही.

दोन दिवसांनी भर दुपारी, दुकानात कोणी नसताना अमरसिंह आला. उभाच राहिला.

"अप्पा, खरं सांगा. तुमाला कळतं का ते?"

"तुला?" अप्पांनी विचारलं.

मग अप्पांनी त्याला मूठभर फुटाणे दिले. तो खाऊन गेला. त्यानंतर सुट्टीत आला की दर शनिवारी अमरसिंह माझ्याजवळ बसायचा आणि सगळ्यांच्या आधी हसायचा. इंग्रजी येणाऱ्या माणसानं आधी हसायचं असतं, असं त्या दोघांचं ठरलं असावं. बोलून ठरलं नव्हतं.

साल एकसष्टमध्ये एका शनिवारी नाकाड्या आला नाही. नुसता बँड वाजत राहिला. पुढच्या शनिवारीही तेच. माणसं यायची, बसायची, माझ्याकडं बघायची. तिसऱ्या शनिवारी बंकटनं विचारलंच. अप्पा थकले होते. सात वर्षं एका खोट्याचं त्यांनी दर आठवड्याला नवं बाळंतपण केलं होतं.

"साहेब वारला," ते म्हणाले.

कोणीतरी टोपी काढली. बंकटनं त्या संध्याकाळी दुकान लवकर बंद केलं आणि जाताना विचारलं की त्यांच्यात दहावा करतात का. दोन-तीन शनिवार माणसं नुसती येऊन बसून गेली. ज्याचं नाव माहीत नाही, तोंड माहीत नाही, भाषा माहीत नाही, त्या माणसाचा दुखवटा या गावानं पाळला. आणि त्याच गावात भावकीतल्या मयताला जायला बोलावणं लागतं.

पुढचं थोडक्यात सांगतो. सत्तर साली खिशात मावणारा रेडिओ आला. मी फळीवर गेलो. मग वीज आली, मग टीव्ही आला. मी फळीवरून माळ्यावर गेलो, जुन्या पत्र्याच्या डब्यांमागं. पोटातले दोन दिवे कोणीतरी काढून नेले. तिथं उंदरानं घरटं केलं. अप्पा एकोणनव्वद साली लिंगैक्य झाले. त्याआधी एकदा शिडीवर चढून माझ्याकडं आले होते. गुंडी फिरवली. कट् असा आवाज झाला. बोट वर केलं, जरा थांबले आणि खाली उतरले.

आता दुकान त्यांच्या मुलाकडं आहे, सिद्धारामकडं. वय पंचाहत्तर. बापासारखाच, हसायला महाग. बापाचा त्याला फार अभिमान. गावच्या शाळेत तो दरवर्षी इंग्रजी भाषणाच्या स्पर्धेला चषक देतो. चषकावर कोरलेलं असतं, 'इंग्रजीचे जाणकार लिंगैक्य वैजिनाथअप्पा यांच्या स्मरणार्थ'. दरवर्षी तो उभा राहून तेच सांगतो, माझे वडील चौथी शिकलेले, पण लंडनचं इंग्रजी ऐकता ऐकता मराठीत सांगायचे. पोरं टाळ्या वाजवतात. घरी कोणी इंग्रजीत कमी मार्क आणले की हीच गोष्ट पुन्हा ऐकावी लागते.

यंदा त्याला वाटलं, चषकाबरोबर रेडिओही ठेवावा. मला माळ्यावरून काढलं. पुसायचं काम नातीकडं दिलं. ऋतुजा तिचं नाव. अंबाजोगाईला कॉलेजात शिकते, इंग्रजी घेऊनच. तिनं मला पुसलं, काचेवरचं लंडन बोटानं घासून स्वच्छ केलं. मग माझ्यासमोर मांडी घालून मोबाईलवर काहीतरी शोधत बसली.

आणि नाकाड्या बोलला.

साठाहून जास्त वर्षांनी. तोच आवाज, तेच थांबणं, तेच हसणं. पण माझ्या तोंडून नाही, तळहाताएवढ्या काचेतून. मला राग आला, खोटं का बोलू. पण ऐकलं.

ऋतुजानं ते दोन दिवस ऐकलं. पुन्हा पुन्हा, सावकाश करून, कोणीतरी लिहून ठेवलेलं वाचून. त्याचं नाव विल्फ्रेड डॉकेट. रेडिओबरोबरच तो सिनेमातही दिसायचा. तिथं नेहमी पोलिसाचं नाही तर खानसाम्याचं काम करायचा आणि जिन्यावरून पडायचा. मग टीव्हीवर गेला आणि तिथं म्हातारा झाला. एकसष्टमध्ये तो मेला नव्हता, टीव्हीवर गेला होता. आमच्याकडं टीव्ही नव्हता, म्हणून आमच्या लेखी मेला. ज्याचा दुखवटा आम्ही पाळला तो साहेब अप्पांनंतर दोन वर्षं जगला. तिनं फोटोही पाहिला. इतकी वर्षं मला वाटायचं, केवढा धिप्पाड असेल. तो निघाला वाळका, टकला, कानांचा मोठा.

तिसऱ्या दिवशी ती आजोबांकडं गेली.

"आजोबा, रागावू नका. पणजोबा जे सांगायचे, त्यातलं ह्यात काहीच नाही."

"म्हणजे?"

"ह्यात पूल नाही. पुढारी नाही. मडम त्याची बायको नाही. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, आजोबा."

सिद्धाराम हिशेबाच्या वहीवर हात ठेवून बसला होता. हात तसाच राहिला. तिनं मोबाईल पुढं केला, त्यानं तो बाजूला सारला. मग म्हणाला, "दुकानदाराचा शब्द खोटा, तर तराजू खरा कसा?" हे वाक्य त्यानं लहानपणी ओट्यावर ऐकलं होतं. बोलून झाल्यावर त्याला ते आठवलं आणि जास्त लागलं. चषक बंद, तो म्हणाला. खोट्या नावानं मी पोरांना बक्षीस देणार न्हाई. कार्यक्रम दोन दिवसांवर होता. त्या दिवशी तो जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी अमरसिंह आले. वय अठ्ठ्याऐंशी, हातात काठी. बापानंतर चाळीस वर्षं त्यांनी पुढारीपण केलं. कार्यक्रमाचे पाहुणे तेच होते आणि चषक बंद झाल्याची खबर त्यांच्यापर्यंत गेली होती. ते माझ्याजवळच्या खुर्चीत बसले, जुन्या जागी.

सिद्धाराम म्हणाला, "ऋतुजा, लाव ते. दादांना इंग्रजी येतं. दादाच सांगतील."

ऋतुजानं लावलं. नाकाड्या बोलला, थांबला, लंडन हसलं. आणि अमरसिंह हसले. लगेच, सगळ्यांच्या आधी, मान मागं टाकून.

"दादा," सिद्धाराम म्हणाला, "कावून हसलात?"

अमरसिंहांनी तोंड पुसलं. काठी खुर्चीला टेकवली.

"ते हसले म्हणून," ते म्हणाले. "तवाबी तसंच. तुझ्या बापाला येत नव्हतं, सिद्धाराम. मलाबी येत नव्हतं. त्यानं मला भर ओट्यावर वाचवलं. नसतं वाचवलं तर मी पुन्हा ह्या गावात तोंड दाखवलं नसतं."

अमरसिंह ऋतुजाकडं वळले. "पोरी, सत्तर वर्षं झाली. एकदा तरी सांग, तो नाकाड्या म्हणत काय होता?"

ती सांगायला लागली. एक आडगावचं रेल्वे स्टेशन आहे. नाकाड्या तिथला स्टेशन मास्तर, ढोल्या हमाल, मडम चहावाली. स्टेशन झाडून-पुसून तयार, कंदील घासलेला, हार आणलेला. पण गाडीच थांबत नाही. दर आठवड्याला मास्तर छातीठोकपणे सांगतो, पुढच्या वर्षी गाडी नक्की थांबणार. तेवढ्यात गाडी समोरून निघून जाते. एवढीच गोष्ट.

आमच्या भागात रेल्वेची वाट बघता बघता माणसं आजोबा झाली, हे बाहेरच्या ऐकणाऱ्याला सांगायला पाहिजे. आणि रेल्वे आणतो म्हणून अमरसिंहांनी किती वेळा मतं मागितली, ते गावात कोणालाही विचारा.

अमरसिंहांच्या पोटापासून हसू निघालं. या वेळी मोबाईल बंद होता.

"बरं झालं," ते डोळे पुसत म्हणाले, "अप्पाला इंग्रजी येत नव्हतं. बापाला नुसता पूल बांधावा लागला. त्यानं हे गाडीचं सांगितलं असतं, तर मला चाळीस वर्षं ओट्यावरून मान खाली घालून जावं लागलं असतं."

कार्यक्रम झाला. शाळेच्या अंगणात मला टेबलावर ठेवलं होतं, शेजारी चषक. पोरं, मास्तर, गावातली माणसं, पुढं अमरसिंह. सिद्धाराम माईकसमोर उभा राहिला. दरवर्षीचं भाषण त्याच्या खिशात होतं. ते त्यानं काढलं नाही.

"माझ्या वडलांना इंग्रजी येत नव्हतं," तो म्हणाला. "मी वीस वर्षं तुम्हाला चुकीचं सांगितलं. चषकावरचं 'इंग्रजीचे जाणकार' मी काल तासून घेतलंय. नाव राहील, चषक राहील."

कोणाला काय करावं कळेना. टाळ्या वाजवाव्यात का, तेही कळेना. मी त्याच्याकडं बघत होतो. पंचाहत्तर वर्षांचा माणूस, ताठ उभा होता.

मग त्यानं ऋतुजाला खूण केली. तिनं माझी पाठ उघडून मोबाईल पोटात ठेवला आणि माईक माझ्या कापडापुढं धरला. बऱ्याच वर्षांनी माझ्या लाकडातून आवाज घुमला. नाकाड्या बोलला. थांबला. लंडन हसलं. अंगणातली पोरं, काही न कळता, हसली.

सिद्धारामनं एक बोट वर केलं.

ते बोट मी ओळखलं. त्याला शिकवलं कोणी नव्हतं. तो थांबला. अंगण थांबलं. त्यानं एकवार अमरसिंहांकडं बघितलं.

"साहेब म्हणतो," सिद्धाराम म्हणाला, "गाडी पुढच्या वर्षी नक्की थांबणार."

अंगण फुटलं. म्हाताऱ्यांना जास्त हसू आलं. अमरसिंह काठी आपटून आपटून हसत होते. आणि सिद्धारामचे आधी ओठ हलले, मग खांदे. ऋतुजा माईक धरायचा विसरून आजोबांकडं बघत राहिली. माझ्या तोंडून दिंद्रुडनं आजवर पुष्कळ लंडन ऐकलं. त्याचा खरा अर्थ त्या दिवशी पहिल्यांदा कोणी सांगितला, आणि रीत तीच, आधी हसू, मग विनोद.

आता मी दुकानात गल्ल्याशेजारी आहे, तराजूच्या समोर. मला माळ्यावर टाकू नका, असं विनवायची माझी सवय नाही. बॅटरी नको, तार नको, हारही नको. शनिवारी कोणी ओट्यावर येऊन बसलं तर बसू द्या.

आणि पोटातलं ते उंदराचं घरटं तेवढं काढा. मोबाईल ठेवताना पोरीनं ते पाहिलं आणि तसंच राहू दिलं.

बाकी माझं काही म्हणणं नाही.